एका बंदुकीची जन्मपत्रिका

वरोरा हें नांव कानीं पडलें कीं श्रोत्यांना प्रथम आनंदवनाची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. परंतु वरोऱ्याहून चांद्याकडे जाणारी वाट धरली म्हणजे भद्रावती लागते, आणि भद्रावतीच्या परिसरांत सरकारी दारूगोळ्याचा मोठा कारखाना आहे. तेथें नोकरी केलेलीं माणसें आमच्या गांवांत घरोघर भेटतात. त्यामुळें काडतूस, गोळा, बंदूक हे शब्द आमच्याकडे केवळ इतिहासाच्या पुस्तकांतून येत नाहींत. ते संध्याकाळच्या ओट्यावरच्या गप्पांतही येतात. आज मी जो विषय आपल्यापुढें मांडणार आहें तो अशाच एका संभाषणांतून मला मिळाला.

कांहीं वर्षांपूर्वीं पोलीस खात्यानें शाळेच्या मुलांसाठीं शस्त्रांचें प्रदर्शन मांडलें होतें. मुलांना घेऊन मीही गेलों होतों. एका लांब टेबलावर जुन्या 'थ्री नॉट थ्री' रायफली ओळीनें ठेविल्या होत्या. शेजारीं एक वयोवृद्ध निवृत्त हवालदार उभे होते. त्यांची सारी नोकरी शस्त्रागारांत गेलेली. मीं सहज म्हटलें, "हवालदारसाहेब, या साऱ्या एकाच सांच्यांतल्या दिसतात." ते हंसले आणि म्हणाले, "गुरुजी, वरून पाहाल तर साऱ्या सख्ख्या बहिणी. पण जवळ येऊन पाहा. एकीचं पोट कापलंय, एकीला टांका घातलाय, अन् एकीच्या तोंडात लाकूड कोंबलंय."

लाकूड कोंबलेली ती बंदूक माझ्या मनांतून गेली नाहीं. तें लाकूड तेथें कां आलें, या प्रश्नाचा माग घेत गेलों तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं जुन्या रायफलीच्या लहानसहान भागांत जे फेरफार होत गेले ते केवळ यंत्रविद्येच्या प्रगतीचे टप्पे नव्हते. युद्धाची घाई, खजिन्याची ओढाताण आणि राज्यकर्त्याचा शिपायावरील विश्वास किंवा अविश्वास, या तिन्ही गोष्टी त्या पोलादांत व लाकडांत कोरलेल्या आहेत. वाचणारा डोळा मात्र हवा.

प्रथम या बंदुकीची ओळख करून घेऊं. '.३०३' हा नळीच्या पोकळीच्या व्यासाचा आंकडा आहे: एका इंचाचे हजार भाग कल्पिले तर त्यांतील तीनशें तीन. हिच्या बोल्टाची व मॅगझिनाची कल्पना जेम्स पॅरिस ली याची. हा गृहस्थ स्कॉटलंडमध्यें जन्मला, कॅनडांत वाढला आणि अमेरिकेंत त्यानें आपले शोध लावले. इंग्रजी सैन्यानें १८८८ सालीं त्याची बंदूक स्वीकारली तेव्हां नळीच्या आंतील पिळाचे चर मेटफर्ड यानें आंखलेले, उथळ असे होते. पुढें काळ्या दारूच्या जागीं कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तिच्या उष्णतेनें ते उथळ चर लवकर झिजूं लागले. तेव्हां लंडनच्या उत्तरेकडील एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यानें अधिक खोल असे पांच चर पाडण्याची रीत काढली. तेव्हांपासून, म्हणजे १८९५ पासून, ली आणि एन्फील्ड हीं नांवें जोडलीं गेलीं. घोडदळाला आंखूड आणि पायदळाला लांब अशा दोन बंदुका बाळगण्याऐवजीं दोघांनाही चालेल अशी एकच मध्यम लांबीची बंदूक पुढें ठरविण्यांत आली. तिचा तिसरा नमुना २६ जानेवारी १९०७ रोजीं मंजूर झाला. आपल्या देशांत जिला लोक 'थ्री नॉट थ्री' म्हणून ओळखत आले ती बहुधा हीच, किंवा हिचीच धाकटी बहीण.

१९०७ च्या या नमुन्यावर दोन भाग असे होते कीं जे पुढें नाहींसे झाले. ओळखीच्या कामांत तेच सर्वांत उपयोगी पडतात. पहिला भाग म्हणजे मॅगझिनाच्या तोंडावर आडवी सरकणारी एक पोलादी पत्री. मॅगझिनांत दहा काडतुसें मावत. परंतु ही पत्री आंत सारली कीं तीं दहाही बंद होत, आणि शिपायाला एक एक काडतूस हातानें भरून झाडावें लागे. हें असें कां? तर शिपायाच्या हातीं दहा काडतुसें एकदम दिलीं तर तो तीं उधळून टाकील, अशी वरिष्ठांना भीति वाटे. मॅगझिन हें संकटकाळची शिल्लक. तें अधिकाऱ्याच्या हुकुमानेंच उघडावयाचें. दुसरा भाग म्हणजे डाव्या अंगाला बसविलेली दूरच्या नेमाची तबकडी. वरच्या पट्टीनें २००० यार्डांपर्यंत नेम धरतां येई, आणि या तबकडीनें २८०० यार्डांपर्यंत. इतक्या अंतरावर एक माणूस दिसणेंही कठीण. परंतु साऱ्या पलटणीनें मिळून दूरच्या जमावावर गोळ्यांचा वर्षाव करावा अशी त्या काळची कल्पना होती.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि या दोन्ही कल्पना फ्रान्समधील खंदकांच्या चिखलांत गाडल्या गेल्या. खंदकांतील शिपायाला अडीच हजार यार्डांवरचा शत्रु दिसत नव्हता. शंभर यार्डांवरचा दिसत होता, आणि त्या वेळीं मॅगझिन बंद ठेवणें म्हणजे मरण ओढवून घेणें होतें. शिवाय बंदुका लाखांनीं हव्या होत्या. जानेवारी १९१६ मध्यें तिसऱ्या नमुन्यालाच एक चांदणी जोडून नवा नमुना जाहीर झाला. त्या चांदणीचा अर्थ एवढाच कीं कांहीं भाग गाळले आहेत. मॅगझिनाची पत्री गेली, दूरच्या नेमाची तबकडी गेली, मागील नेमपट्टी डावीउजवीकडे सरकविण्याचा लहान स्क्रू गेला. बोल्टाच्या मागच्या टोंकाला पूर्वीं गोल, सुबक बोंडी असे. तिच्या जागीं दोन्ही बाजूंनीं चपटा, चरे पाडलेला तुकडा आला, कारण गोल बोंडी कातण्यास वेळ लागतो आणि चपटा तुकडा लवकर होतो. दस्त्यावर पलटणीचा क्रमांक कोरण्यासाठीं पितळेची एक वाटोळी चकती असे, तीही गाळण्यांत आली. अशा रीतीनें युद्धाच्या चार वर्षांत इंग्लंडच्या कारखान्यांतून तीस लाखांहून अधिक बंदुका बाहेर पडल्या.

आतां ओळखावयाचें कसें तें पाहा. बोल्ट ज्या पोलादी घरांत मागेंपुढें सरकतो त्याच्या उजव्या भिंतीकडे पाहावें. तेथें पत्रीसाठीं लांबट खांच कापलेली असेल तर तें घर जुन्या रीतीचें. खांच नसून भिंत सलग असेल तर तें चांदणीनंतरचें. खांच आहे पण पत्री नाहीं, असें दिसलें तर पत्री मागाहून काढून टाकली आहे. तोच न्याय लाकडाला. लाकडाच्या डाव्या अंगावर तबकडी बसविण्याची बैठक किंवा तिची रिकामी पाटी असेल तर तें लाकूड १९१६ पूर्वींच्या धर्तीचें. इतिहासाच्या अभ्यासकाला येथें एक मोठा धडा मिळतो. जें आहे त्याच्याइतकीच, जें काढून टाकलें त्याची रिकामी जागाही साक्ष देते.

परंतु फर्मानाची तारीख आणि कारखान्यांतील तारीख यांत फार अंतर असूं शकतें, हेंही येथेंच सांगून ठेवतों. हुकूम सुटला म्हणजे जुने भाग समुद्रांत फेंकून देत नाहींत. कोठारांत असतील तोंवर ते बसविलेच जातात. त्यामुळें एकाच सालच्या, एकाच कारखान्याच्या दोन बंदुका शेजारीं ठेविल्या तर एकीची बोंडी गोल आणि दुसरीची चपटी असें खुशाल आढळतें. भाग करणारे हातही एका ठिकाणचे नसत. ऑस्ट्रेलियांतील लिथगो येथें हीच बंदूक होत असे. दुसऱ्या महायुद्धांत त्या कारखान्याला लाकूडकाम पुरविण्यास टेनिसच्या रॅकेटी करणारी स्लेझेंजर कंपनी पुढें आली, आणि तिच्या लाकडावर तिच्या नांवाचीं आद्याक्षरें उमटलीं. अक्रोडाऐवजीं तेथें त्या देशाचेंच लाकूड वापरलें जाई, आणि तें मऊ म्हणून धक्का सोसणाऱ्या जागीं तांब्याच्या पट्ट्या बसवीत. बंदुकीच्या पोटांत तांब्याची पट्टी दिसली कीं जाणता मनुष्य दक्षिण गोलार्धाकडे बोट दाखवितो.

हा झाला साऱ्या जगाचा भाग. आतां आपल्याकडे वळूं, आणि त्यासाठीं थोडें मागें जाऊं. १८५७ च्या उठावांत एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांचें काय झालें तें श्रोत्यांना सांगणें नको. त्या उठावाची झळ आमच्या रानापर्यंतही पोंचली होती. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनीं गोंडांना हाताशीं धरून चांदा जिल्ह्यांत सरकाराविरुद्ध शस्त्र उचललें. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांना चांद्यास फांशी देण्यांत आलें. त्याच १८५८ सालीं हिंदी पलटणींसाठीं बंदुकीचा एक नवा नमुना ठरविण्यांत आला. त्याचें नवेपण असें कीं चांगल्या रायफलीच्या नळींतील पिळाचे चर खरडून काढावयाचे आणि तिला सुमारें .६५ इंचांची गुळगुळीत नळी करून टाकावयाची! वरखालीं सरकणारी नेमपट्टी काढून तेथें एक स्थिर ठोकळा बसविण्यांत आला. दिसावयास ती एन्फील्डच. परंतु तिची दूरवर मारा करण्याची शक्ति काढून घेतलेली. नळीचा कांठ खरडल्यानें फार पातळ झाला, म्हणून पुढच्याच वर्षीं जाड नळीचा सुधारलेला नमुना करावा लागला. म्हणजे शिपायाच्या हातीं उणी बंदूक देण्याच्या आग्रहापायीं सरकारनें आणखी खर्च सोसला.

पुढील अर्धशतकाचें धोरण याच सूत्रावर चाललें. गोऱ्या शिपायाला मार्टिनी मिळे तेव्हां हिंदी शिपायाकडे स्नायडर असे; गोऱ्याला मॅगझिनाची बंदूक मिळे तेव्हां हिंदी शिपायाकडे मार्टिनी येई. एक पाऊल मागें, नेहमीं एक पाऊल मागें. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें नागरिकांच्या बाबतींत हाच भेद कायम केला: हिंदी मनुष्याला परवाना हवा, युरोपियनाला त्यांतून सूट. १९१४ च्या शरदृतूंत हिंदी फौज फ्रान्समध्यें मार्सेय बंदरांत उतरली तेव्हां तिच्या हातांतील बंदुका तेथील नव्या काडतुसांना जुळेनात, आणि बंदरावरच त्या बदलून नव्या द्याव्या लागल्या. पन्नास वर्षांत जी समता मिळाली नव्हती ती युद्धाच्या गरजेनें अशी एका बंदरांत मिळून गेली. मेसोपोटेमियाच्या वाळवंटांत आपल्या मराठा पलटणी लढल्या, आणि ११० व्या मराठा पलटणीनें कूतचा वेढा सोसला. बंदूक कोणतीही असली तरी ती धरणाऱ्या हाताच्या शौर्यांत उणेंपणा नव्हता, हें त्यावरून कळावें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हुगळीच्या कांठीं इशापूर येथें रायफलींचा कारखाना निघाला. पूर्वीं तेथें तोफांची दारू होत असे. इशापूरची बंदूक ओळखण्यास फार प्रयास पडत नाहींत. दस्ता जेथें पोलादांत खोंचतो त्या मानेच्या उजव्या अंगाला छाप असतो: वर मुगुट, खालीं 'जी. आर. आय.', म्हणजे सम्राट जॉर्ज, मग इशापूर हें नांव, मग साल आणि नमुन्याचा क्रमांक. पुढें इशापूरनें स्वतःची अशी एक खूण निर्माण केली. आपल्या हवेंत एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला कीं लाकडाची काय अवस्था होते तें आमच्या चांद्याकडील माणसाला सांगावयास नको; मे महिन्यांत दारें भेगाळतात आणि जुलैंत फुगून बसतात. बंदुकीचें पुढील लाकूडही धक्क्यानें व हवेनें चिरफळे. तेव्हां त्या लाकडांतून आडवा एक पोलादी स्क्रू आरपार घालून तें बांधून टाकण्याची रीत इशापूरनें घातली. जगांत कोठेंही अशा बंदुकीच्या लाकडांत तो आडवा स्क्रू दिसला कीं संग्राहक ओळखतात: ही हिंदुस्थानांत राहून आलेली आहे. हवालदार ज्याला टांका म्हणाले तो हाच.

आतां त्या लाकडाच्या तुकड्याकडे येऊं. इशापूरच्या कारखान्यांत कांहीं '.३०३' रायफली मुद्दाम बदलण्यांत आल्या. नळींतील चर काढून ती गुळगुळीत केली आणि व्यास .४१० इंचांपर्यंत वाढविला. हिचें काडतूस '.३०३' च्याच पितळी टोपणाचें, पण पुढची मान न आवळतां सरळ ठेवलेलें. सैन्याच्या रायफलींत तें बसूं नये आणि सैन्याचें काडतूस हिच्या उपयोगीं पडूं नये, हा हेतु. आणि मॅगझिन? मॅगझिन तसेंच ठेवलें, परंतु त्याच्या पोटांत लाकडाचा एक ठोकळा घट्ट बसवून दिला. एक काडतूस ठोकळ्यावर ठेवावें, बोल्ट सारावा, झाडावें. दुसऱ्यासाठीं पुन्हां खिशांत हात घालावा. अशा बंदुका पोलिसांना व पहारेकऱ्यांना देण्यासाठीं होत्या.

श्रोत्यांनीं या ठोकळ्याची आणि त्या पोलादी पत्रीची क्षणभर तुलना करून पाहावी. पत्रीच्या मुळाशीं शिपायाविषयींचा अविश्वास होता, पण तो सरकविण्याजोगा अविश्वास होता; बोटानें ओढली कीं दहा गोळ्या मोकळ्या. १९१६ सालीं युद्धानें ती पत्रीही काढून टाकली. ठोकळा मात्र सरकत नाहीं. जो अविश्वास लढणाऱ्या शिपायाच्या बाबतींत सरकारला सोडावा लागला, तोच हिंदी पोलिसाच्या बाबतींत लाकडाचा करून कायमचा ठोकून बसविण्यांत आला. १८५८ च्या गुळगुळीत नळीचा हा थेट वंशज आहे. तिकडे चर खरडले, इकडेही चर खरडले; तिकडे नेमपट्टीच्या जागीं ठोकळा, इकडे मॅगझिनांत ठोकळा. दोन पिढ्यांच्या अंतरानें तीच बुद्धि पुन्हां तेंच काम करून गेली. राज्यकारभाराच्या अहवालांत विश्वासाच्या गोष्टी पुष्कळ लिहिलेल्या सांपडतात. परंतु अहवाल लिहिणाऱ्याला शब्द निवडतां येतात. बंदूक करणाऱ्या कारागिराला जें सांगितलें तेंच करावें लागतें. म्हणून या बाबतींत मी लाकडाच्या ठोकळ्याची साक्ष अधिक मोलाची मानतों.

दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां काटछांट झाली. तोंवर इंग्लंडनें 'नंबर चार' नांवाचा नवा नमुना स्वीकारला होता. त्याची मागील नेमखूण बारीक भोंकाची असे. युद्धाच्या घाईंत ती घडीव पट्टी सोडून पत्र्याची दुमडती खूण बसविण्यांत येऊं लागली. नळीच्या पांच चरांऐवजीं पुष्कळ बंदुकांत दोनच चर पाडले गेले. अमेरिकेंतील सॅव्हेज आणि कॅनडांतील लाँग ब्रँच येथील बंदुकांत बोल्ट काढण्याची कळ गाळून तेथें नुसती खांच ठेवण्यांत आली. सॅव्हेजच्या बंदुकांवर 'अमेरिकन सरकारची मालमत्ता' असा छाप आहे, कारण त्या उसनवारीच्या करारानें दिलेल्या होत्या. गंमत अशी कीं दोन चरांची नळी चाचण्यांत पुरेशी अचूक ठरली. म्हणजे घाईनें केलेला फेरफार नेहमींच हिणकस असतो असेंही नाहीं. कित्येकदां घाई आपल्याला दाखवून देते कीं आजवर आपण सवयीनें करीत होतों तें आवश्यक नव्हतें.

१९४७ सालीं स्वातंत्र्य आलें आणि १९५० सालीं प्रजासत्ताक झालें. इशापूरच्या यंत्रांवर तीच बंदूक होत राहिली; मात्र मानेवरील मुगुट गेला आणि त्याच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. हे सिंह ज्या '.३०३' वर आहेत ती स्वतंत्र भारताची, मग तिचा नकाशा १९०७ चा कां असेना. १९६२ मध्यें चीनशीं युद्ध झालें आणि बंदुकांची निकड पुन्हां भासली. तेव्हां याच जुन्या रचनेंत अधिक बळकट पोलाद वापरून ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची 'टू ए' ही रायफल इशापूरनें केली. वरवर पाहणारा तिलाही 'थ्री नॉट थ्री'च म्हणतो. परंतु तिचें मॅगझिन चौकोनी, सरळ कडांचें असून त्यांत बारा काडतुसें मावतात. आरंभीं तिच्यावर जुनी, २००० आंकड्याची नेमपट्टीच होती. पुढें ती ८०० पर्यंत आणून बंदुकीला 'टू ए वन' असें नांव दिलें. २८०० वरून २०००, आणि २००० वरून ८००: माणूस माणसाला किती दुरून मारूं शकतो याविषयींचा गर्व साठ वर्षांत कसा ओसरत गेला, तें या तीन आंकड्यांत लिहिलेलें आहे.

आतां हें सारें ज्ञान एका बंदुकीला लावून पाहूं. समजा, मानेवर मुगुट आणि १९१८ साल आहे. लाकडाला तबकडीची रिकामी पाटी आहे. त्याच लाकडांत आडवा स्क्रू आहे. मानेच्या दुसऱ्या अंगाला 'एफ. टी. आर.', म्हणजे कारखान्यांत संपूर्ण दुरुस्ती, असा छाप आणि नंतरचें साल आहे. ही बंदूक १९१८ ची म्हणावी काय? तें साल केवळ पोलादी घराचें जन्मसाल आहे. लाकडाची धाटणी त्याहून जुनी, स्क्रू हिंदुस्थानांतला, आणि आज दिसतें तें एकत्र रूप शेवटच्या दुरुस्तीनंतरचें. या बंदुकींवर क्रमांकही एकाच ठिकाणीं नसतो. पोलादी घर, नळी, बोल्टाची मूठ, पुढील तोंडाची टोपी, नेमपट्टीची खालची बाजू आणि लाकडाचें टोंक अशा अनेक जागीं तो घातलेला असतो. सारे जुळले तर भाग बहुधा आरंभापासून एकत्र आहेत. न जुळले तर कोणता परका तें कळतें. बोल्ट परका असेल तर तो केवळ इतिहासाचा प्रश्न राहत नाहीं. काडतुसाच्या बुडाशीं नको तितकी जागा राहिली तर टोपण फुटून झाडणाऱ्याच्या तोंडावर येतें. म्हणून बोल्टाचा क्रमांक शस्त्रागारांत प्रथम पाहतात.

यावरून दोन साधे नियम निघतात. एक, प्रत्येक भागाला त्याचें स्वतःचें वय विचारावें. एका छापावरून सगळ्या बंदुकीचा जन्म ठरवूं नये. दुसरा, त्यांतील सर्वांत नवा भाग ज्या काळचा, त्याच्या आधीं ती या रूपांत असूंच शकत नाहीं. विलायतेंतील जुन्या शस्त्रांच्या बाजारांत विखुरलेले भाग जोडून 'अस्सल, अस्पर्शित' म्हणून विकणारे व्यापारी आहेत, आणि या दोन नियमांनींच त्यांचें बिंग फुटतें. काडतुसालाही हेच लागू. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. रिकाम्या टोपणाच्या बुडावर 'के. एफ.' हीं अक्षरें व सालाचे दोन आंकडे दिसले तर तें खडकीचें, हें भिंगाशिवायही वाचतां येतें.

कोणी विचारील, या जुनाट लोखंडाचा आतां उपयोग काय? आपल्याकडे '.३०३' ही सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाहीं, म्हणून हा छंद घरीं करण्याचा नव्हे, हें खरें. परंतु ही बंदूक फार काळ मेली नव्हती. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हां तेथील कांहीं पोलिसांच्या हातीं हीच होती, आणि तिनेंच त्यांना स्वयंचलित बंदुकांशीं सामना करावा लागला. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनांत निरोप दिला. तिसऱ्या नमुन्याच्या मंजुरीला त्या दिवशीं बरोबर ११३ वर्षें झालीं. आणि आमच्या शेजारच्या गडचिरोलींत, जो १९८२ सालीं चांद्यांतूनच वेगळा निघाला, बंडखोरांनीं ठेविलेल्या शस्त्रांच्या याद्यांत '.३०३' हें नांव कित्येक वर्षें येत राहिलें. अशी एखादी बंदूक पुढें आली म्हणजे तिच्यावरचे क्रमांक वाचणारा डोळा लागतो. ती कोणत्या खात्याच्या दप्तरांत नोंदलेली होती आणि कोणाच्या हातून गेली, हें त्या आंकड्यांवरून शोधतां येतें. ज्या शिपायाच्या हातून ती हिसकली गेली त्याच्या घरच्यांना तो आंकडा नुसता आंकडा नसतो.

प्रदर्शन संपलें तेव्हां एका मुलानें त्या हवालदारांना विचारलें, "काका, यांतली सर्वांत चांगली बंदूक कोणती?" त्यांनीं लाकूड कोंबलेल्या बंदुकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगली कोणती ते सांगत नाही, बाबू. पण शिकायची असेल तर ही." मग त्यांनीं मुलाकडून मॅगझिनांत बोट घालवून तो ठोकळा चाचपून पाहावयास लावलें. मुलानें विचारलें, "हें लाकूड आतां काढतां येत नाहीं का?" ते म्हणाले, "काढता येते ना. पण काढलं तर पुढच्याला कळणार कसं, की ते होतं?"

मला वाटतें, जुन्या वस्तु जपण्याचें याहून सोपें आणि याहून खरें कारण कोणत्याही इतिहासकारानें दिलें नसेल.